फीत सांपडली कोठें ?

एखाद्या ग्रंथमालेचा किंवा चित्रपटमालेचा एक भाग फसला म्हणजे त्याची चर्चा चार दिवस होते आणि पांचव्या दिवशीं लोक तो विसरून जातात. बहुतेक वेळीं तसें होणें योग्यही असतें. तथापि कांहीं अपयशें अशीं असतात कीं, त्यांच्यामुळें त्या जातीच्या सर्वच कृतींचें मर्म उघडें पडतें. घड्याळ चालू असतांना त्यांतील कोणतें चाक कशासाठीं आहे याची आपण चौकशी करीत नाहीं. एखादें चाक निखळलें म्हणजे ती करणें भाग पडतें. अमेरिकेंत २०१२ सालीं सुरू झालेल्या ‘व्ही/एच/एस’ या भयपटमालेचा तिसरा भाग, ‘व्ही/एच/एस : व्हायरल’, २०१४ सालीं बाहेर पडला आणि पहिल्या दोन भागांवर लोभ करणाऱ्या प्रेक्षकांचीही त्यानें निराशा केली. त्या निराशेच्या कारणांचा शोध येथें घ्यावयाचा आहे. विषय कांहीं वाचकांना हलका वाटेल. परंतु ज्या प्रश्नापाशीं हा चित्रपट अडखळला, तो इतिहासाच्या अभ्यासकाच्या नित्य व्यवहारांतला प्रश्न आहे : हातीं आलेला कागद मिळाला कोठें, तो कोणाच्या दप्तरांत होता, आणि त्या दप्तरांत तो गेला कसा ?

ही माला ज्या प्रकारांत मोडते त्याला ‘फाउंड फूटेज’ असें म्हणतात. आपण त्याला ‘सांपडलेलें चित्रण’ म्हणूं. आपण पाहतों तो चित्रपट कोणा दिग्दर्शकानें रचलेला नसून कथेंतील एखाद्या पात्रानेंच हातांतल्या कॅमेऱ्यानें टिपलेला आहे, पुढें त्या पात्राचें कांहीं बरेंवाईट झालें आणि मागें राहिलेली फीत कोणाच्या तरी हातीं लागली, अशी यांत बतावणी असते. चित्र हलतें, अंधुक होतें, मध्येंच तुटतें. पार्श्वसंगीत नसतें, कारण जीव घेऊन पळणाऱ्या माणसाबरोबर वाद्यवृंद पळत नसतो. एरवीं जे दोष म्हणून गणले गेले असते ते येथें गुण ठरतात. साक्षीदार अडखळूं लागला म्हणजे त्याच्यावर आपला विश्वास उलट अधिकच बसतो.

ही युक्ति चित्रपटानें शोधून काढलेली नाहीं. इंग्रजी भयकादंबरीचा जन्मच मुळीं अशा एका बतावणींतून झाला. होरेस वॉल्पोल याची ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’ ही कादंबरी १७६४ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाली, तेव्हां तिच्यावर वॉल्पोलचें नांव नव्हतें. ओनुफ्रिओ मुराल्टो नांवाच्या इटालियन धर्मोपदेशकाच्या ग्रंथाचें विल्यम मार्शल या गृहस्थानें केलेलें हें भाषांतर आहे, मूळ ग्रंथ १५२९ सालीं नेपल्स येथें छापला गेला आणि त्याची प्रत उत्तर इंग्लंडांतील एका जुन्या कॅथॉलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहांत सांपडली, असें वाचकांस सांगण्यांत आलें होतें. मुराल्टो काल्पनिक, मार्शल काल्पनिक आणि ती प्रतही काल्पनिक. पुढल्या वर्षीं दुसऱ्या आवृत्तींत वॉल्पोलनें आपलें कर्तृत्व कबूल केलें. तेव्हां ज्या ‘मंथली रिव्ह्यू’ मासिकानें पहिल्या आवृत्तीचें कौतुक केलें होतें त्यानेंच दुसरीवर नापसंतीचा शेरा मारला. कथा तीच होती. बदलली होती ती फक्त कथेची जन्मकुंडली. सोळाव्या शतकांतील भोळ्या लेखकाला जें क्षम्य होतें, तें अठराव्या शतकांतील सुधारलेल्या सरदारपुत्राला क्षम्य नव्हतें. कागद कोठून आला यावर त्याची चव अवलंबून असते, याचा याहून चांगला दाखला शोधूनही मिळणार नाहीं.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’मध्यें (१८९७) ही बतावणी फार काळजीपूर्वक सांभाळलेली आहे. पात्रें रोजनिशा लिहितात, पत्रें पाठवितात. एक डॉक्टर तर आपली रोजनिशी फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर बोलून ठेवतो. आणि मीना ही नायिका हें सर्व टंकयंत्रावर उतरून काढते. पुढें ड्रॅक्युला स्वतः येऊन मूळ लिखाण व नळ्या जाळून टाकतो. त्यामुळें अखेरीस पात्रांपाशीं टंकलिखित नकलांखेरीज फारसें कांहीं उरत नाहीं, आणि एवढ्या पुराव्यावर आपली हकीकत कोणी खरी मानणार नाहीं हें तीं पात्रेंच मान्य करतात. साधनचिकित्सेची अशी जाग पुष्कळ इतिहासलेखकांपाशींही आढळत नाहीं.

चित्रपटांत ही रीति ठळकपणें प्रथम दिसली ती रुज्जेरो देओदातो या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्यें (१९८०). त्यांत जनावरें खरोखर मारलेलीं आहेत, आणि तेवढ्या एका कारणासाठीं तो चित्रपट न पाहिलेला बरा असें आमचें मत आहे. परंतु रचनेच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व नाकारतां येत नाहीं. अमेझॉनच्या अरण्यांत माहितीपट काढावयास गेलेली मंडळी नाहींशी होतात. न्यूयॉर्कचा एक प्राध्यापक त्यांच्या शोधार्थ जातो, चित्रणाचे डबे घेऊन परत येतो, आणि तें चित्रण लोकांस दाखवावें कीं न दाखवावें याचा वाद दूरचित्रवाणीच्या अधिकाऱ्यांशीं घालतो. म्हणजे फीत शोधणारा, ती पाहणारा आणि ती पाहून अस्वस्थ होणारा असा एक माणूस कथेंतच बसविलेला आहे. इटलींत हा चित्रपट जप्त झाला, आणि नट खरोखर मारले गेले नाहींत हें सिद्ध करण्यासाठीं दिग्दर्शकाला त्यांना जिवंत हजर करावें लागलें. बतावणी इतकी यशस्वी झाली कीं ती कर्त्याच्याच अंगाशीं आली.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. डॅनियल मायरिक व एदुआर्दो सांचेझ यांचा हा चित्रपट १९९९ च्या जानेवारींत सनडान्स येथील महोत्सवांत दाखविला गेला. मेरीलंड राज्यांतील बर्किट्सव्हिलजवळच्या जंगलांत १९९४ च्या ऑक्टोबरांत तीन विद्यार्थी माहितीपट काढतांना नाहींसे झाले व वर्षानें त्यांचें चित्रण मिळालें, एवढें निवेदन आरंभीं पडद्यावर येतें; मग त्या चित्रणावांचून दुसरें कांहीं येत नाहीं. ज्या चेटकिणीच्या दंतकथेसाठीं तीं मुलें जंगलांत शिरलीं ती चेटकीण अखेरपर्यंत दिसत नाहीं. कॅमेरे नटांनीं स्वतः चालविले होते, पात्रांचीं नांवें नटांचींच होतीं, आणि प्रदर्शनाच्या आधींच एका संकेतस्थळावर त्या तिघांच्या बेपत्ता होण्याची साद्यंत हकीकत मांडून ठेवलेली होती. तुटपुंज्या खर्चांत काढलेल्या या चित्रपटानें जगभर सुमारें २५ कोटि डॉलर मिळविले.

त्याचा दुसरा भाग, ‘बुक ऑफ शॅडोज : ब्लेअर विच २’, पुढल्याच वर्षीं निघाला. दिग्दर्शक जो बर्लिंजर हा माहितीपटांत नांव मिळविलेला माणूस. खऱ्या चित्रणाची पारख असलेल्या या माणसाच्या हातून सांपडलेल्या चित्रणाची रीतिच गळून पडली : त्याचा चित्रपट चारचौघांसारखा, नेहमींच्या पद्धतीनें चित्रित केलेला आहे. तो कोणालाच रुचला नाहीं. स्पेनमधील ‘रेक’ ही माला २००७ सालीं सुरू झाली. तिच्या २०१२ च्या तिसऱ्या भागांत लग्नसमारंभाचें चित्रण करणारा कॅमेरा थोड्याच वेळांत बाद होतो आणि पुढची कथा नेहमींच्या चित्रपटासारखी चालते. आपल्याकडे ‘रागिणी एमएमएस’ (२०११) हा हिंदी चित्रपट याच रीतीनें काढलेला होता; त्याच्या २०१४ च्या दुसऱ्या भागानें ती रीति टाकून दिली. देश, भाषा, पैसा सर्व निराळें. पण चूक एकच. पहिल्या भागाच्या यशाचें श्रेय भुताला दिलें गेलें, फितीला दिलें गेलें नाहीं. भूत पुढच्या भागांत आणलें, फीत मागें राहिली.

‘व्ही/एच/एस’ मालेंत या रीतीला दुसऱ्या एका जुन्या परंपरेची जोड मिळाली. ती म्हणजे एका चौकटीत अनेक कथा बसविण्याची. आम्हां मराठी वाचकांना ही परंपरा समजावून देण्याची गरज नाहीं; वेताळपंचविशी आपण लहानपणींच ऐकलेली असते. मात्र तींतील चौकटीचें कौशल्य मोठेपणीं कळतें. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालला आहे. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटीं प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून न दिलें तर डोकें फुटेल आणि दिलें तर मौन मोडून प्रेत पुन्हां झाडावर जाईल. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला आहे, म्हणून प्रत्येक गोष्टीला धार आहे. पंचविसाव्या गोष्टीचें उत्तर राजाला येत नाहीं, तेव्हां कोठें वेताळ त्याला त्या भिक्षूचें कपट सांगतो. चौकट ही नुसती दोरी नव्हे. गोष्टी ज्याच्यासाठीं सांगितल्या जातात त्याचें दैव तिच्यांत बांधलेलें असतें. ब्रिटिश चित्रपटांत ‘डेड ऑफ नाइट’नें (१९४५) हेंच साधलें. एक वास्तुविशारद खेड्यांतील एका घरीं येतो, तेथील पाहुणे आपण स्वप्नांत पाहिलेले आहेत असें त्याला वाटूं लागतें, प्रत्येक जण एकेक अद्भुत अनुभव सांगतो, आणि त्या अनुभवांचा विळखा अखेर त्या ऐकणाऱ्याभोंवतीं पडतो. त्यांतील गोल्फची गोष्ट सामान्य आहे. तरी ती खपून जाते, कारण चौकट तिला सांवरून धरते.

आतां फितीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. व्हीएचएस ही अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत जपानच्या जेव्हीसी कंपनीनें १९७६ सालीं बाजारांत आणली. १९८० नंतर ती आपल्याकडेही घरोघर पोंचली. एका रात्रीच्या भाड्यानें यंत्र आणून शेजाऱ्यापाजाऱ्यांसह तीन तीन चित्रपट पाहिलेले आमच्या पिढींतील लोक अद्याप पुष्कळ आहेत. लग्नाच्या कॅसेटवर धाकट्या भावानें क्रिकेटचा सामना उतरवून घेतल्याचे तंटेही कित्येक घरांत झाले असतील. सामना संपला कीं वधूवर पुन्हां अचानक पडद्यावर येत आणि मंगलाष्टकांचा शेवटचा भाग ऐकूं येई. या फितीचे तीन धर्म ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. ती एक वस्तु आहे : तिला वजन आहे, पाठीवर शाईनें लिहिलेलें नांव आहे, ती कपाटांत धूळ खात पडूं शकते. नकलेची नकल काढली कीं तिचें चित्र मळतें. आणि जुनें पुसून नवें चढविलें तरी जुन्याचा अवशेष कोठें तरी राहतो. हरवण्याला, सांपडण्याला आणि पछाडण्याला इतकी योग्य वस्तु दुसरी नाहीं. जुन्या वाड्याच्या माळ्यावरील रुमालांत बांधलेल्या कागदांशीं तिचें जवळचें नातें आहे. असा रुमाल सोडतांना राजवाड्यांच्या मनांत जी उत्कंठा असेल, तिचीच काळी छाया या मालेच्या पहिल्या भागांत आहे.

पहिल्या भागाची कल्पना ब्रॅड मिस्का याची. २०१२ च्या जानेवारींत तो सनडान्स येथें दाखविला गेला. त्याची चौकट अशी : कांहीं गुंड तरुण आपलीं दुष्कृत्यें कॅमेऱ्यानें टिपून विकीत असतात. एका घरांतून एक विशिष्ट फीत चोरून आणण्याचें काम त्यांना मिळतें. घरांत एक म्हातारा दूरचित्रवाणीच्या संचांपुढें मरून पडलेला आहे, आणि फितींचा ढीग आहे. हवी ती कोणती, हें ओळखण्यासाठीं त्या पाहिल्या पाहिजेत. एकेक जण पाहावयास बसतो; त्याच्या मागें, अंधारांत, तें प्रेत कधीं खुर्चींत असतें, कधीं नसतें. चोर हे वाचकाच्या मनाला न रुचणारे लोक आहेत, आणि या भागांतील स्त्रियांविषयींची वृत्तीही कित्येक ठिकाणीं हिणकस आहे. पण पाहणें हेंच येथें धोक्याचें कृत्य केलेलें आहे, आणि पाहणारे आपणही असतों.

चौकटींतल्या पांच कथांपैकीं सर्वच चांगल्या नाहींत. एक कथा संगणकावरील दृक्संभाषणाच्या रूपांत आहे. ती व्हीएचएस फितीवर कोणीं आणि कां उतरविली याचा कोणी खुलासा करीत नाहीं. परंतु इतरत्र कॅमेरा कोठें आहे याची काळजी मोठ्या कल्पकतेनें घेतलेली आहे. एका कथेंत तो चष्म्यांत दडविलेला आहे. दुसऱ्या एका कथेंत हॅलोविनच्या रात्रीं अस्वलाचें सोंग घेतलेल्या तरुणाच्या पोषाखांत आहे. २०१३ च्या दुसऱ्या भागांत ही कल्पकता कळसास पोंचली. अपघातांत डोळा गमावलेल्या माणसाच्या कृत्रिम डोळ्यांत कॅमेरा आहे, आणि तो डोळा त्याला नको तें दाखवूं लागतो. सायकलस्वाराच्या शिरस्त्राणावर कॅमेरा आहे. तो स्वार मरतो, प्रेत होऊन उठतो, आणि कॅमेरा चालूच राहतो. ही कथा ‘ब्लेअर विच’च्या त्याच एदुआर्दो सांचेझनें व त्या चित्रपटाचा निर्माता ग्रेग हेल यानें मिळून केलेली आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे, जुन्या कारागिरांचा हात त्यांत ओळखूं येतो. शेवटच्या कथेंत कॅमेरा कुत्र्याच्या पाठीवर बांधलेला आहे, आणि परग्रहवासीयांच्या धाडींत त्या मुक्या जनावराची धांवपळ पाहून भयाबरोबर करुणाही वाटते. तिमो जाह्यांतो व गॅरेथ एव्हान्स यांची इंडोनेशियांतील एका पंथाच्या आश्रमाची कथा तर या सर्व मालेची शिखरकथा मानली जाते, आणि तें यथार्थ आहे. चौकटींत एका बेपत्ता विद्यार्थ्याचा शोध घेणारे दोघे खाजगी गुप्तहेर आहेत. त्या विद्यार्थ्याचें म्हणणें असें कीं, फिती योग्य क्रमानें पाहिल्या तर पाहणाऱ्यावर त्यांचा परिणाम होतो. म्हणजे कथांच्या क्रमालाही कथेंतच कारण दिलें !

अशा स्थितींत तिसरा भाग आला. तीन वर्षांत तिसरा. पहिल्या दोन भागांतील एकही दिग्दर्शक त्यांत नाहीं. नवे लोक मात्र असमर्थ होते असें म्हणतां येत नाहीं, कारण नाचो विगालोंदो, जस्टिन बेन्सन व ॲरन मूरहेड हीं नांवें जाणकारांत मान्यता पावलेलीं होतीं. विषयही वाईट निवडलेला नव्हता. मार्सेल सार्मिएंतो यानें रचलेल्या चौकटींत लॉस एंजेलिस शहरांत पोलीस एका आइस्क्रीमच्या गाडीचा पाठलाग करीत आहेत. आपलें चित्रण जगभर पसरावें या एकाच ध्यासानें पछाडलेला एक तरुण कॅमेरा घेऊन त्या गाडीमागें धांवतो. त्याची प्रेयसी त्याच गाडीनें ओढून नेली आहे. गाडी जेथून जाते तेथील लोकांच्या खिशांतले फोन वेडेवांकडे आवाज करतात आणि माणसें हिंसक होतात. शेवटीं तो गाडीपर्यंत पोंचतो. गाडींतील पडद्यांवरून त्याला हुकूम होतो कीं हें चित्रण सर्वत्र पाठीव. तो पाठवितो, आणि शहरभर वणवा पेटतो.

अपघात झाल्यावर जखमीला उचलण्याऐवजीं त्याचें चित्रण करीत उभे राहणारे लोक आतां कोणत्याही शहरांत दिसतात. २०१४ सालीं हा विषय हातीं घेणें ही दृष्टि होती. मग बिनसलें कोठें ?

बिनसलें तें हें कीं, या चौकटींत कोणी कांहीं शोधीत नाहीं आणि कोणाला कांहीं सांपडत नाहीं. मधल्या तीन कथा मध्येंच येतात आणि जातात. त्या कोण पाहत आहे, कोणत्या पडद्यावर, कोणत्या हेतूनें, याचा पत्ता नाहीं. मरून पडलेला म्हातारा नाहीं, फितींचा ढीग नाहीं, ‘हवी ती कोणती’ हा प्रश्न नाहीं. मालेचें नांव फितीवरून ठेवलेलें आणि चौकटीच्या कारभारांत फितीला कामच उरलेलें नाहीं ! सांपडणें या क्रियेला आधीं हरवणें लागतें. जें चित्रण एका क्षणांत लक्षावधि लोकांच्या खिशांत जाऊन पडतें तें हरवत नाहीं. म्हणून तें कोणाला सांपडतही नाहीं, तें नुसतें येऊन आदळतें. फितीचें भय हें एकट्या पाहणाऱ्याचें भय आहे. साथीचें भय निराळें. दोन्ही भयें खरीं आहेत, पण दोहोंची रचना एक नव्हे. आणि या मंडळींनीं साथीची गोष्ट फितीच्या सांच्यांत ओतली. साथीच्या भयाला साजेशी नवी चौकट रचतां आली असती. एकच चित्रण दहा ठिकाणीं दहा प्रकारें कापलेलें, मूळ कोणतें हें कोणालाच ठाऊक नाहीं, आणि पाहणारा प्रत्येक जण आपल्याकडील तुकड्यावर शपथ घेतो आहे, अशी कांहीं कल्पना केली असती तर त्या विषयाचें खरें विष बाहेर आलें असतें. आज रोज सकाळीं आपल्यापैकीं प्रत्येकाच्या फोनवर जें येऊन पडतें त्याचें स्वरूप हेंच आहे.

मधल्या कथांत ‘दांते द ग्रेट’ ही ग्रेग बिशपची कथा पहिली. एका सामान्य माणसाला प्रसिद्ध जादूगार हूदिनीच्या मालकीचा म्हणविला जाणारा झगा मिळतो. त्या झग्याला बळी लागतात. कल्पना चांगली, वेग चांगला. पण कथा माहितीपटाच्या रूपांत सुरू होते आणि थोड्याच वेळांत तें रूप झुगारून देते. जादूगार व त्याची साहाय्यक स्त्री यांच्या झटापटींत कॅमेरा वाटेल तेथें आहे. जेथें कोणीही माणूस उभा राहणें शक्य नाहीं तेथूनही आपल्याला दृश्यें दिसतात. अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं जीं विघ्नें सांगितलीं त्यांत पहिलें ‘संभावनाविरह’ हें आहे : हें असें घडणें शक्य आहे असें सहृदयाला वाटलेंच नाहीं तर पुढील सर्व सामग्री फुकट. येथें जादूचा झगा आपण मान्य करतों; तो मान्य करावयाचा असा करारच असतो. मान्य होत नाहीं तो कॅमेरा.

‘बोनस्टॉर्म’विषयीं फार लिहावें असें नाहीं. चाकांच्या फळ्यांवर कसरती करणारीं कांहीं मुलें चित्रणासाठीं मेक्सिकोंतील तिहुआना येथें जातात आणि एका मृत्युपूजक पंथाशीं त्यांची गांठ पडते. कॅमेरे अंगावर आहेत, त्याबद्दल तक्रार नाहीं. पण झटापट लांबत जाते, सांगाडे पडतात आणि उठतात, आणि भय कधींच मागें पडून नुसती दमछाक उरते.

विगालोंदोची ‘पॅरलल मॉन्स्टर्स’ ही स्पॅनिश भाषेंतील कथा मात्र पहिल्या दोन भागांत शोभली असती. आपल्या घराच्या तळघरांत एक संशोधक दुसऱ्या विश्वाचा दरवाजा उघडतो; पलीकडे हुबेहूब तोच, त्याच यंत्रापुढें, त्याच क्षणीं उभा. दोघे हर्षानें एकमेकांकडे पाहतात आणि थोड्या मिनिटांपुरती जागांची अदलाबदल करतात. दोघांच्याही हातांत कॅमेरा आहे, आणि तो असण्याला कारण आहे, कारण संशोधक आपल्या प्रयोगाची नोंद ठेवणारच. पलीकडचें घर पहिल्या दृष्टिक्षेपांत आपल्यासारखेंच दिसतें. मग एकेक गोष्ट किंचित् चुकीची दिसूं लागते. पुढचा प्रकार बीभत्साकडे झुकतो आणि घरांतील सर्वांसमवेत पाहण्याजोगा नाहीं, हें आधींच सांगितलेलें बरें. पण तो पहिला अर्धा भाग, जेथें नुसतें परकें झालेलें ओळखीचें घर दिसतें, तो भयानकाचा उत्तम नमुना आहे. चौकट मोडकी असली तर आंतील चांगलें चित्रही भिंतीवर नीट टांगतां येत नाहीं, याचें दुःख हीच कथा पाहतांना सर्वांत अधिक होतें. टॉड लिंकन यानें केलेली चौथी कथाही तयार होती. ती चित्रपटगृहांतील प्रतींतून वगळली गेली आणि पुढें विक्रीच्या तबकडीवर श्रेयनामावलीनंतर जोडण्यांत आली. पहिला भाग जवळजवळ दोन तासांचा होता. हा दीड तासही भरत नाहीं.

यानंतर सात वर्षें माला बंद होती. मधल्या काळांत, २०१६ च्या जुलैंत, जपानच्या फुनाई कंपनीनें व्हीएचएस यंत्रांचें उत्पादन थांबविलें. नवीं यंत्रें करणारा तो शेवटचाच कारखाना होता. २०२१ सालीं ‘व्ही/एच/एस/९४’ आला, आणि मालकांनीं कोणता धडा घेतला हें त्या नांवावरूनच दिसलें. ते खिशांतल्या फोनांच्या काळांतून मागें फिरले. १९९४ साल, फितींचा ऐन काळ; कोठारावर छापा घालणारे सशस्त्र पोलीस आणि आंत चालू असलेले दूरचित्रवाणीचे संच. ती चौकटही तशी कच्चीच आहे, पण तिच्यांत शोध आहे, संच आहेत, पाहणारे आहेत. क्लोई ओकुनो हिची गटारांत शिरलेल्या वार्ताहर स्त्रीची कथा त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या बातम्यांची नक्कल इतकी हुबेहूब करते कीं हसावें कीं भ्यावें हें कळत नाहीं. पुढें ‘९९’ (२०२२) आणि ‘८५’ (२०२३) हे भाग निघाले. प्रत्येकाच्या नांवांत एक गेलेलें साल आहे. २०२४ च्या ‘व्ही/एच/एस/बियाँड’नें सालाची ही प्रथा सोडली आणि त्यांतील विराट पाल याची ‘ड्रीम गर्ल’ ही कथा थेट आपल्या मुंबईंत घडते. हिंदी चित्रपटांतील एका तारकेच्या छायाचित्रांसाठीं तिच्या मागें लागलेले छायाचित्रकार तिच्या चित्रीकरणाच्या जागीं शिरकाव करून घेतात. कॅमेरा त्यांच्या हातांत कां आहे हें येथें विचारावें लागत नाहीं. तो त्यांचा पोटाचा धंदाच आहे. २०२५ सालीं आणखी एक भाग, ‘हॅलोविन’, बाहेर पडला. आमच्या ओळखींतील तरुण मंडळी हे सर्व भाग क्रमानें पाहतात आणि तिसरा गाळतात.